नाताळच्या सुट्टीत जपान: पाच मैत्रिणी, पहिलीच खेप. आराखडा बघून द्याल का?

मृगाचा_पाऊस

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जणी कोल्हापूरच्या हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणी. सगळ्या आता पंचेचाळिशीच्या पुढच्या. मुलं हाताशी आली, तेव्हा या नाताळात घरच्यांना घरी ठेवून जपानला जायचं पक्कं केलंय. २३ डिसेंबरला रात्री टोकियोत उतरायचं आणि ५ जानेवारीला परत फिरायचं. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे बदल चालतील.

सध्याचा बेत असा: टोकियो ३ रात्री, हाकोने १, क्योतो २, ओसाका १, हिरोशिमा १, ताकायामा आणि शिराकावागो मिळून २, तिथून विमानाने साप्पोरो २ आणि शेवटची रात्र परत टोकियोत. फुजी दिसायला हवा आणि बर्फ बघायचाच, या दोन मागण्यांवर पाचही जणींचं एकमत आहे.

अडचणी: एक मैत्रीण कांदा-लसूणसुद्धा खात नाही. दुसरीचा गुडघा दुखरा आहे, सपाटीवर चालते पण पायऱ्या जपून चढते. तिसरीला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) काढावा का? मोठ्या बॅगा घेऊन गाड्या बदलणं जमेल का? आणि ३१ डिसेंबरला कुठे असावं? टोकियोतल्या शिबुयाच्या चौकात नववर्षाचा जल्लोष असतो असं एकीने सुचवलंय.

जाऊन आलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

यामानोते_लाइन

टोकियोत राहतो, पटकन दोन-तीन गोष्टी सांगतो.

शिबुया विसरा. तिथला काउंटडाउनचा कार्यक्रम २०२० पासून होत नाही. गर्दी करू नका असं वॉर्डाचं कार्यालयच दरवर्षी सांगतं, रस्त्यावर दारू प्यायला बंदी असते आणि पोलीस लोकांना पुढे सरकवत राहतात. त्यापेक्षा मेइजी जिंगू देवळात जा. ते ३१ च्या रात्रभर उघडं असतं आणि यामानोते लाइन ही शहरातली लोकलही त्या रात्री सुरू असते.

जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन पडतं. तुम्हीच हिशोब करा, दोन-तीन लांबच्या फेऱ्यांसाठी तो परवडत नाही. शहरात फिरायला सुइका हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. आयफोन असेल तर वॉलेटमध्येच भरता येतं. आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही, त्यांनी विमानतळावर वेलकम सुइका घ्यावं.

आणि साप्पोरो कशासाठी? बर्फाच्या पुतळ्यांचा उत्सव फेब्रुवारीत असतो.

---

कानाझावाकर

मृगाचा_पाऊस, नमस्कार. मी गेली बरीच वर्षं कानाझावात राहते. लग्नानंतर आले आणि इथलीच झाले. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईची कुणी ना कुणी मंडळी आमच्याकडे येतात आणि त्यांचे आराखडे तुमच्यासारखेच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

तुमच्या बेतातली निम्मी ठिकाणं गाळा. कारण सांगते. डिसेंबरअखेरीस इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. बहुतेक देवळं, बागा, किल्ले चार-पाचला बंद होतात. सकाळी हॉटेल सोडायचं, बॅगा ओढायच्या, गाडी पकडायची, नव्या गावात उतरायचं, लॉकर शोधायचा, यात दुपार उलटते. म्हणजे रोज एक गाव बदललं तर प्रत्येक गावाचा अंधारच बघायला मिळतो. पाच जणी इतक्या वर्षांनी एकत्र निघताय, मग निवांत बसून गप्पा मारायला वेळ नको का?

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हिवाळ्यात जपान म्हणजे दोन वेगळे देश असतात. सायबेरियाकडून येणारा थंड कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, मधल्या डोंगररांगेवर आपटतो आणि सगळा बर्फ अलीकडे, आमच्या बाजूला, ओतून जातो. पलीकडे टोकियोला पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कोकण चिंब असतं आणि घाट ओलांडला की माण-खटाव कोरडं, अगदी तसंच. त्यामुळे डिसेंबरात टोकियोला निळं आकाश, कोरडी हवा, दुपारी दहा-अकरा अंश तापमान. फुजी बघायचा तर हेच दिवस. क्योतोलाही वर्षाकाठी मोजकेच दिवस बर्फ टिकतो. बर्फ हवा असेल तर डोंगर ओलांडून या बाजूला यावं लागतं. त्यासाठी साप्पोरोचं विमान नको, टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास पुरतात.

म्हणून मी असं करीन: २४ ते २७ टोकियो. त्यातला आकाश स्वच्छ असलेला एक दिवस फुजीला. २७ ला होकुरिकू शिनकानसेनने कानाझावा, तीन रात्री. ३० ला क्योतो आणि मग ३ जानेवारीपर्यंत तिथून हलायचं नाही. शेवटचे दोन दिवस ओसाका किंवा कोयासान हे डोंगरावरचं तीर्थ, आणि घरी परत ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून. टोकियोला परत जाऊ नका. २ आणि ३ जानेवारीला गावी गेलेलं अर्धं टोकियो परतत असतं, गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते. क्योतो-टोकियो धावणाऱ्या वेगवान नोझोमी गाड्या तर त्या काळात पूर्ण आरक्षित असतात, आयत्या वेळी चढून बसता येत नाही. उतरायचं एका शहरात आणि उडायचं दुसऱ्या, अशी तिकिटं बहुतेक वेळा फारशी महाग पडत नाहीत. काढली नाहीत हे बरंच झालं.

या मार्गाला पास लागतच नाही. टोकियो-कानाझावा साधारण १४,००० येन. कानाझावा ते क्योतो जाताना त्सुरुगाला गाडी बदलायची. मार्च २०२४ मध्ये शिनकानसेन तिथपर्यंत आली, पुढे थंडरबर्ड एक्सप्रेस. दोन्ही तिकिटं मिळून पासच्या निम्म्याहूनही कमी.

आता कानाझावात काय आहे ते सांगते, कारण तुमच्या यादीत ते नाहीच आणि मला त्याचं वाईट वाटतं!

केनरोकुएन बागेत जा, सकाळी लवकर. आमच्याकडचा बर्फ ओला आणि जड असतो, साप्पोरोसारखा भुरभुरीत नाही. पाइनच्या आडव्या वाढलेल्या फांद्या त्याच्या वजनाने मोडतात. म्हणून १ नोव्हेंबरपासून माळी झाडाजवळ उंच खांब रोवतात आणि खांबाच्या टोकावरून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या सोडून एकेक फांदी वर टांगून ठेवतात. कारासाकी नावाचा जो सगळ्यात भव्य पाइन आहे, त्याला पाच खांब आणि सुमारे आठशे दोऱ्या लागतात. माळी खांबाच्या टोकावर चढतो आणि तिथून एकेक दोरी खाली फेकतो, खालचा ती झेलून फांदीला गाठ मारतो. काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं, तुम्ही याल तेव्हा पूर्ण झालेलं असेल. बर्फ पडून गेल्यावर जवळ जाऊन बघा. प्रत्येक दोरीच्या वरच्या अंगाला बोटभर बर्फाची रेघ असते, फांदी किंचित वाकलेली असते आणि दोरी ताणलेली. एखाद्या झाडासाठी माणसं दरवर्षी इतकं करतात हे बघून मला अजूनही भरून येतं. बागेत चढ-उतार आहेत पण हलके, गुडघेवाल्या मैत्रिणीला जमेल.

बर्फासोबत आमच्याकडे विजाही कडाडतात. डिसेंबरात अचानक गडगडाट झाला तर घाबरू नका. इथले मच्छीमार उलट खूष होतात, कारण त्यानंतर बुरी मासा किनाऱ्याजवळ येतो. तुमच्यात मासे खाणाऱ्या असतील तर ओमिचो बाजारात बुरी आणि खेकडे, दोन्हींचा मोसम असेल. पण २९-३० च्या आत जा, नवीन वर्षाचे पहिले दिवस बाजार बंद असतो. "डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस" अशी इथली म्हणच आहे. एका दिवसात ऊन, पाऊस, गारा, बर्फ सगळं होतं.

शिराकावागो कानाझावाहून बसने सव्वा तासावर आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. ताकायामाला मुक्काम करायची गरज नाही. बसचं आरक्षण लागतं, ते आधीच करा. तिथली उतरत्या छपरांची जुनी घरं १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पण ते काही मांडलेलं प्रदर्शन नाही, लोक राहतात तिथे. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. काही घरं तिकीट काढून आतून बघता येतात. एका तरी घरात शिरा आणि वरपर्यंत चढा. छपराची तुळई आणि वासे एका खिळ्याशिवाय दोरीने बांधलेले दिसतात, चुलीच्या धुराने काळेभोर झालेले. रात्रीच्या रोषणाईचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ती जानेवारी-फेब्रुवारीतल्या ठराविक दिवशीच असते आणि आरक्षणाशिवाय सोडत नाहीत. तिचा नाद सोडा, दिवसाच जास्त छान दिसतं.

बुटांबद्दल: आमच्या रस्त्यांच्या मधोमध लहान लहान भोकं असतात. बर्फ पडला की त्यातून भूजल उडतं, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ वितळतो. गाड्यांची सोय होते, चालणाऱ्यांचे पाय भिजतात. कापडी स्पोर्ट्‌स शूज घालून आलात तर पहिल्या तासात मोजे ओले. पाणी न शिरणारे, खाली खोल नक्षी असलेले घोट्यापर्यंतचे बूट घ्या. बाकी जाड कोटापेक्षा आतून पातळ थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. दुकानं आणि गाड्यांत इतकं गरम असतं की काढता-घालता आलं पाहिजे. काइरो नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, कपड्यावरून कमरेला चिकटवायच्या.

बाकी उद्या लिहिते, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय.

---

सह्यभ्रमंती

कानाझावाकर ताईंच्या मार्गात नागानो वाटेतच लागतं. तिथे उतरून गरम पाण्यात बसणारी माकडं बघता येतील, जिगोकुदानी. आम्ही मित्र असेच गेलो होतो. बॅगा नागानो स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकल्या आणि बसने गेलो. मात्र बस थांब्यापासून पुढे जंगलातून दीडेक किलोमीटर चालायचं आहे. वाट जवळजवळ सपाट पण बर्फ तुडवून तुडवून काच झालेली असते, आणि शेवटी पायऱ्या. गुडघ्याचा त्रास असेल तर बुटांना लावायचे काटे भाड्याने मिळतात ते घ्यावेत, आणि काठी. माकडं हाताच्या अंतरावर असतात, तोंड लालबुंद, डोक्यावर बर्फ, डोळे मिटून बसलेली. पिल्लू आईच्या पाठीवरून पाण्यात सरकतं. त्यांना हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. खाण्याची पिशवी तर बाहेर काढूच नका.

---

यामानोते_लाइन

फुजीबद्दल राहिलं. हाकोनेपेक्षा कावागुचिको करा. शिंजुकूहून फुजी एक्सकर्शन ही थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत पोचते. सगळ्या जागा आरक्षित, लवकर संपतात. पाच मजली लाल पॅगोडा आणि मागे फुजी हे जे चित्र सगळीकडे दिसतं ते अराकुरायामाच्या बागेतलं. तिथे ३९८ पायऱ्या आहेत. शेजारून वळणावळणाचा उताराचा रस्ता जातो, गुडघेवाल्या मैत्रिणीने त्याने जावं. सकाळी लवकर पोचा, दुपारी ढग येतात. तेही जमलं नाही तर शिंजुकूच्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर फुकट जाता येतं, हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी तिथूनही फुजी दिसतो. वर्षाच्या अगदी शेवटी बंद असतं, तुम्ही २७ च्या आत जाल म्हणजे प्रश्न नाही.

जेवण: नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. इथल्या बहुतेक रश्श्यांचा पाया दाशी, आणि दाशीत बहुधा कात्सुओ मासा. सोबा आणि उदोन या नूडल्स, मिसो सूप, भाज्या शिजवलेल्या रसातही तोच. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं शुद्ध शाकाहारी रामेनचं दुकान आहे, पण तिथे कांदा-लसूण असतो. निशिकासाई भागात आपली बरीच मंडळी राहतात, तिथे भारतीय किराणा आणि खानावळी मिळतील. तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, आपले मराठीच.

---

कानाझावाकर

सवड झाली, पुढे लिहिते.

कांदा-लसूण न खाणाऱ्या मैत्रिणीला सांगा, तिच्यासाठी जपानात एक अख्खी पाकपरंपरा आहे. बौद्ध मठांत जे शोजिन र्‍योरी जेवण बनतं त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमची. तिळाचं तोफू, वाफवलेला मुळा, तळलेली कमळाची देठं, इवल्या इवल्या वाट्यांत मांडलेलं. क्योतोत अराशियामाच्या तेनर्‍युजी देवळाच्या आवारातच मिळतं. वर्षअखेरीला उघडं आहे का ते विचारून आरक्षण करा.

आणि ते मनसोक्त खायचं तर कोयासानला एक रात्र देवळात राहा. कुकाई या आचार्यांनी नवव्या शतकात डोंगरावर वसवलेलं तीर्थ आहे. पन्नासेक देवळांत मुक्कामाची सोय आहे, सकाळ-संध्याकाळ हेच जेवण, पहाटे प्रार्थनेला बसता येतं. उंचावर असल्याने तिथे बर्फही असतो. खोल्या कागदी दारांच्या, कडाक्याची थंडी वाजते, पण गुडघ्यावर गोधडी घेऊन खाली ऊब असलेल्या कोतात्सूत, म्हणजे बुटक्या टेबलाशी, पाच जणी बसलात की उठवत नाही. वर्षाचे पहिले दिवस काही देवळं पाहुणे घेत नाहीत, ४ तारखेच्या आसपास विचारा. आपल्या लोकांनी तिथे जावं असं मला वाटतं याला आणखी एक कारण आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. देवदारांच्या त्या डोंगरात बाबासाहेब उभे दिसले की पाय आपोआप थांबतात.

एरवीच्या दिवसांसाठी घरून मेतकूट आणा, भरपूर. इथे कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात शिजवलेल्या भाताची डबी मिळते, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. वर मेतकूट, तूप, दही. थंडीत दिवसभर चालून आल्यावर रात्री आठ वाजता हॉटेलच्या खोलीत हे जेवण जे समाधान देतं ते हॉटेलातलं देत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता मात्र आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

बॅगा ओढू नका. ताक्क्युबिन सेवा आहे, काळ्या मांजराचं चिन्ह असलेली यामातो कंपनी सगळ्यात माहितीची. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बहुतेक दुसऱ्या दिवशी तिथे हजर. आकारानुसार दोन-तीन हजार येन. वर्षअखेरीला आणि बर्फात उशीर होऊ शकतो म्हणून दोन दिवसांचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवा. टोकियोहून थेट क्योतोला पाठवून कानाझावात हलकं राहिलात तर उत्तमच, फक्त क्योतोच्या हॉटेलला आधी कळवा.

३१ डिसेंबर क्योतोतच करा, माझा आग्रह आहे. यामानोते_लाइन यांचं मेइजी जिंगू चांगलंच आहे, पण तिथे तासन्‌तास रांगेत उभं राहायचं असतं. क्योतोत चिओनइन देवळाची घंटा आहे, १६३६ मध्ये ओतलेली, सुमारे ७० टनांची. ती वाजवायला सतरा भिक्षू लागतात. सोळा जण मोठ्या ओंडक्याला बांधलेल्या दोऱ्या हातात घेऊन एका तालात ओरडत ओढतात, आणि सतरावा समोरून मुख्य दोरी धरून स्वतःला मागे झोकून देतो, जवळजवळ जमिनीला पाठ टेकेपर्यंत. मग जो आवाज होतो तो कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. असे १०८ टोल. रात्री गर्दी फार असते. त्यांचा सराव २७ डिसेंबरला दुपारी असतो, तो तुमच्या तारखांत बसत नाही म्हणून हळहळ वाटते. रात्रीच जा, लवकर रांगेत लागा आणि गुडघेवालीला फोल्डिंग स्टूल घ्या.

तिथून खाली उतरलं की जवळच यासाका देऊळ. तिथे कंदिलांमध्ये पवित्र अग्नी ठेवलेला असतो. लोक बांबूच्या काथ्याची दोरी विकत घेतात, टोक त्यावर पेटवतात आणि विझू नये म्हणून गोल गोल फिरवत घरी जातात. त्या निखाऱ्यावर वर्षातली पहिली चूल पेटवायची अशी जुनी रीत. आजकाल घरापर्यंत क्वचितच कुणी नेत असेल, पण अंधाऱ्या गल्लीतून लहान मुलंसुद्धा ते लाल ठिपके फिरवत चाललेली असतात. दिवाळीत वाढलेल्या आपल्याला यातलं काही परकं वाटत नाही.

१ तारखेला म्युझियम, निजो किल्ल्याचा महाल, बरीचशी दुकानं बंद. कियोमिझू आणि किंकाकुजी देवळं उघडी. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं पण वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत लाखोंनी लोक येतात. तिथे जायचं तर पहाट गाठा आणि अर्ध्या डोंगरावरून, योत्सुत्सुजीच्या वळणावरून, परत फिरा. रोख पैसे आधी काढून ठेवा, नाहीतर सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम शोधा.

---

सह्यभ्रमंती

हिरोशिमा वगळलंत ताई? बाकी काही सोडा, पण ते सोडू नये असं मला वाटतं. तिथलं शांतता स्मारक संग्रहालय बघून बाहेर आलो तेव्हा आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

---

कानाझावाकर

तुमचं म्हणणं पटतं. वगळलं ते दिवस कमी पडतात म्हणून. माझी विनंती एवढीच की जाता जाता उरकायचं ठिकाण म्हणून जाऊ नका. मृगाचा_पाऊस, जायचंच असेल तर २ जानेवारीला सकाळची पहिली गाडी पकडून क्योतोहून जा, पावणेदोन तासांत पोचाल. ३० आणि ३१ डिसेंबरला संग्रहालय बंद असतं. सगळा दिवस फक्त स्मारक आणि संग्रहालयाला द्या, जवळचं मियाजिमा बेट त्याला जोडू नका. त्याच्या बदल्यात ओसाका सोडा, मला चालेल!

---

मृगाचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या ग्रुपवर हे वाचून दाखवलं, साप्पोरो, ताकायामा, हाकोने तिन्ही रद्द. हिरोशिमा घेतलं, ओसाका सोडलं, कोयासान नवीन आलं. परतीचं तिकीट कानसाईहून बघतोय.

दोन शंका. एक, गरम पाण्याच्या कुंडात कपड्यांशिवाय जावं लागतं, त्याला दोघी तयार नाहीत. दुसरी, कानाझावाच्या बाजूला भूकंप झाला होता ना? घरून काळजीने विचारतायत.

---

कानाझावाकर

आधी कुंडाचं. बायकांचं वेगळं असतं आणि तिथे कुणीही कुणाकडे बघत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ, केस बांधायचे, मग पाण्यात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. कानाझावाच्या खाली कागा ओनसेन ही गरम झऱ्यांची गावं आहेत, त्यातलं यामानाका मला सगळ्यात आवडतं, नदीच्या घळीला लागून आहे. उघड्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी आणि वरून बर्फाचे कण कपाळावर पडतायत, पडले की लगेच विरतायत, हे एकदा अनुभवाच. ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी तासाच्या बोलीवर खासगी कुंड मिळतं, खोली आरक्षित करतानाच मागा. रक्तदाबवाल्या मैत्रिणीने मात्र जपायचं. थंड हवेतून एकदम गरम पाण्यात शिरायचं नाही. आधी पायांवर, मग खांद्यांवर पाणी घ्यायचं, पाच-सात मिनिटांत बाहेर यायचं, हळू उठायचं, एकटीने जायचं नाही. इथेही वयस्कर माणसांना हिवाळ्यात यामुळेच त्रास होतो.

भूकंप. १ जानेवारी २०२४, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आमच्याकडे नववर्षाचे पाहुणे होते, ताटं मांडलेली होती. आधी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, मग घर हलायला लागलं आणि थांबेचना. टीव्हीवर निवेदिका जीव तोडून सांगत होती, समुद्रापासून दूर पळा. कानाझावा शहर सावरलं. पण उत्तरेला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा तो भूकंप होता, कित्येक गावं कोसळली, वाजिमाचा शेकडो वर्षांचा सकाळचा बाजार आगीत गेला. तिथल्या लाखेच्या भांड्यांचे कारागीर, मासे विकणाऱ्या आज्या, यातल्या कितीतरी जणी नंतर कानाझावात येऊन दुकान मांडायच्या. मी त्यांच्याकडून घेतलेल्या चॉपस्टिक्स रोज वापरते.

शहर व्यवस्थित चालू आहे, निर्धास्त या. तुम्ही आलात तर इथल्या लोकांना बरंच वाटेल. फक्त फोनवर सेफ्टी टिप्स हे सरकारी ॲप टाका, इंग्रजीत इशारे देतं. रात्री बूट आणि टॉर्च पलंगाजवळ ठेवा आणि हॉटेलात शिरल्यावर दारामागचा बाहेर पडण्याचा नकाशा एकदा बघा. आम्ही सगळे हे सवयीनेच करतो. खरेदी करणार असाल तर वाजिमाच्या लाखेचं काहीतरी घ्या, एखादी वाटी किंवा चॉपस्टिक्सची जोडी. वजनाला काही नाही आणि पैसे योग्य हातात जातात.

आणि हो, २७ ची कागायाकी, म्हणजे टोकियो-कानाझावा शिनकानसेन. तिच्यात सगळ्या जागा आरक्षित असतात आणि तुम्ही पाच जणी आहात, शेजारी बसायचं असेल तर पहिल्या दिवशीच काढायला हवीत. तिकिटं बरोबर एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला खुली होतात. म्हणजे २७ नोव्हेंबरला आपल्याकडे साडेसहा. नागानोला उतरून माकडं बघायची असतील तर नागानोपर्यंतचं आणि नागानो-कानाझावा अशी दोन वेगळी काढा. जेआर ईस्टच्या साइटवर आधी खातं उघडून कार्ड चालतंय ना ते बघून ठेवा. कानाझावात पोचलात की मला इथेच निरोप टाका, केनरोकुएनला मी सोबत येईन.